लायसन्स हातात आलं, आता पहिलं वर्ष: नव्या चालकाने पाळायचे नियम आणि घालून घ्यायचे निर्बंध

गेल्या जूनमध्ये माझ्या भाचीचं पक्कं लायसन्स पोस्टानं घरी आलं. पाकीट फोडून तिनं कार्ड दोन्ही बाजूंनी बघितलं आणि विचारलं, "मामा, उद्या मी गाडी घेऊन महाबळेश्वरला गेले तर चालेल ना?" कायद्याच्या दृष्टीनं उत्तर 'चालेल' असंच होतं. आदल्या आठवड्यापर्यंत शेजारी लायसन्सवाला माणूस बसवल्याशिवाय तिला सोसायटीच्या फाटकाबाहेर गाडी काढता येत नव्हती. आणि आता तीच मुलगी चार मैत्रिणींना बसवून, भर पावसात, रात्री दोन वाजता पसरणीचा घाट चढायला मोकळी होती.

आपल्याकडे या दोन टोकांच्या मध्ये पायरीच नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे, २०१९ मध्ये त्यात मोठी दुरुस्तीही झाली, पण कालच पास झालेला चालक आणि वीस वर्षं ट्रक चालवणारा चालक यांना तो एकाच मापानं मोजतो. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये पंचवीस वर्षांखालच्या शिकाऊ चालकाला आधी १२० तास गाडी चालवल्याची नोंद दाखवावी लागते. पास झाल्यावर पहिलं वर्ष लाल 'पी'ची पाटी आणि ताशी ९० किलोमीटरची मर्यादा, मग दोन वर्षं हिरवी पाटी आणि १०० ची मर्यादा. या सगळ्या काळात दारू शून्य. लाल पाटीवाला पंचवीसच्या आतला असेल, तर रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात एकविशीच्या आतला एकच सोबती. ब्रिटनमध्ये पास झाल्यापासून दोन वर्षांत सहा दंडगुण जमले की लायसन्स रद्द, पुन्हा शिकाऊपासून सुरुवात.

आपल्याकडे लर्निंग लायसन्स काढून तीस दिवस झाले की परीक्षेला बसता येतं. त्यामुळे मधली पायरी घरातच बांधावी लागते. भाचीसाठी आम्ही ती बांधली, आणि तीच इथे मांडतो. आधी कायदा काय सांगतो ते, मग जिथे तो थांबतो तिथून पुढचं.

अजून लर्निंगवर असाल तर

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला तिसरा नियम स्पष्ट आहे. सोबत वैध लायसन्स असलेला माणूस हवा, आणि तो गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा. मागच्या सीटवर झोपलेले काका चालत नाहीत. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या चौकोनावर लाल 'एल' हवा. पाटी १८ सेंटिमीटरची, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. काचेवर बोटभर चिकटपट्टीचा 'एल' काढून हे भागत नाही.

दुचाकीवाल्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्या. लर्निंगवर असताना मागे बसवायचाच तर फक्त लायसन्स असलेला शिकवणारा. कॉलेजच्या मैत्रिणीला, धाकट्या भावाला बसवता येत नाही. विम्याच्या पॉलिसीतही शिकाऊ चालकाला मान्यता असते ती हा तिसरा नियम पाळला असेल तरच. म्हणजे पाटी नाही किंवा सोबत माणूस नाही, आणि त्यात अपघात झाला, तर दंड हा सगळ्यात किरकोळ त्रास ठरेल.

लर्निंग सहा महिने चालतं. परीक्षेत तीनदा नापास झालात तर शेवटच्या परीक्षेपासून साठ दिवस थांबावं लागतं. घाईनं तारीख घेण्यापेक्षा आधी हात बसू द्या.

कार्ड आलं की पहिल्या दिवशी

नाव, जन्मतारीख, रक्तगट, पत्ता नीट वाचा. चूक असेल तर ती आत्ताच दुरुस्त करून घ्यायची, पासपोर्ट किंवा विम्याच्या वेळी नाही. मग वाहनाचा प्रकार बघा. लोक हा रकाना वाचतच नाहीत, आणि फसतात ते इथेच.

'एमसीडब्ल्यूओजी' म्हणजे बिनगिअरची दुचाकी. या लायसन्सवर तुम्ही स्कूटर चालवू शकता, पण वडिलांची गिअरची मोटरसायकल चालवली तर ते कायद्यानं विनापरवाना चालवणंच. 'एमसीडब्ल्यूजी' असेल तर गिअरची दुचाकी चालते. 'एलएमव्ही' म्हणजे हलकं मोटार वाहन, आपली कार. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं, की एलएमव्ही लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतचं हलकं मालवाहू वाहनही चालवता येतं, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. पण व्यावसायिक वाहनासाठी वयाची अट वीस आहे, हे अठरा-एकोणीसच्या मुलांनी लक्षात ठेवावं. गावाकडे मामाचा टेम्पो बाजारात नेऊन सोडायचं काम हमखास याच वयाच्या मुलांकडे येतं.

सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं हेही अर्धंच खरं आहे. ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी. शोरूममधली नेहमीची स्कूटर शंभर सीसीच्या पुढची असते, म्हणजे ती अठरापर्यंत नाहीच. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर कलम १९९-ए खाली पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. तुम्ही नुकते अठरा पूर्ण केलेत आणि धाकटा भाऊ "दादा, एक चक्कर" म्हणून मागे लागलाय, तर त्याची पुढची सात-आठ वर्षं डोळ्यांसमोर आणा आणि किल्ली खिशात ठेवा. मित्रालाही लायसन्स बघितल्याशिवाय गाडी देऊ नका. चालवणाऱ्याला कलम १८१ आहे, तसं देणाऱ्याला कलम १८० आहे, आणि दोन्हीकडे दंड ५,००० रुपयांपर्यंत जातो.

कागदपत्रं

लायसन्स, आरसी (गाडीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र), विमा आणि पीयूसी (धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र) ही चार. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली प्रत मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहे. गॅलरीत काढून ठेवलेला फोटो मात्र ग्राह्य नाही. त्याच संध्याकाळी डिजिलॉकरमध्ये लायसन्स जोडून घ्या.

घरची गाडी वडिलांच्या नावावर असेल तर कॅमेऱ्यानं पकडलेलं ई-चलन त्यांच्याच मोबाइलवर जाईल. आरसीला जोडलेला नंबर जुना, बंद पडलेला असेल तर चलनं महिनोन्‌महिने साचत राहतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. नंबर तपासा, बदलायचा असेल तर बदला. विम्याची तारीखही स्वतः बघा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. "पाच वर्षांचा काढलाय" या समजात तो भाग केव्हा संपला हे कळत नाही.

लायसन्स ज्यानं जाऊ शकतं

दंड भरला की विषय संपला, असं बऱ्याच जणांना वाटतं. काही गुन्ह्यांत तो संपत नाही. हेल्मेट नसणं आणि दुचाकीवर तिघं बसणं, या दोन्हींना कायद्यात १,००० रुपये दंडाबरोबर तीन महिन्यांची अपात्रताही लिहिलेली आहे. हातात मोबाइल धरून चालवणं, सिग्नल तोडणं आणि उलट्या दिशेनं जाणं हे कलम १८४ खाली 'धोकादायक चालवणं' ठरतं. त्यात पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन परिवहन कार्यालयाकडे पाठवू शकतात. पहिल्या वेळी तीन महिने अपात्रता, दुसऱ्या वेळी लायसन्स रद्द. जागेवर भरायची तडजोडीची रक्कम राज्यागणिक बदलते, पण ही अपात्रतेची तरतूद केंद्रीय कायद्यातली आहे.

दारूची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. नव्या चालकानं हा आकडा विसरावा आणि शून्य धरावं. अनुभवी माणसाचे हात सवयीनं चालतात. तुम्हाला अजून प्रत्येक गिअर विचार करून टाकावा लागतो, आणि दारू आधी नेमका तो विचारच मंद करते.

पहिले दोन आठवडे: एकच रस्ता

आता घरचे नियम. एक चार-पाच किलोमीटरचा रस्ता निवडा, ज्यात एक सिग्नल, एक उजवं वळण, एक चढ आणि एक गर्दीचा चौक असेल. सकाळी साडेसहाला तो रोज करायचा. रोज तीच गाडी, आणि शेजारी तोच मोठा माणूस. कंटाळा येईल आणि यायलाच हवा. रस्ता पाठ झाला की लक्ष स्टिअरिंगवरून उठून माणसांकडे जातं.

भाचीचं सगळं अडत होतं ते चढावर थांबून पुन्हा निघताना. मागे रिक्षा आली की तिचा क्लच सुटायचा आणि गाडी बंद. मग आम्ही सोसायटीच्या तळघराचा उतार धरला. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, आणि क्लच अगदी हळू सोडत यायचं. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, गाडीचं नाक केसभर उचलल्यासारखं होतं आणि पायाखाली बारीक थरथर जाणवते. क्लच तिथेच धरायचा, थोडा ॲक्सिलरेटर, आणि मग हँडब्रेक खाली. गाडी एक बोटही मागे जात नाही. दोन संध्याकाळी चाळीसेक वेळा केल्यावर तिचा पाय तो आवाज ऐकून आपोआप थांबायला लागला. त्यानंतर मागे रिक्षा आहे की बस, याचा तिला फरक पडेनासा झाला.

'एल'ची पाटी आता काढा. ती ठेवली तर मागच्याला वाटतं शेजारी शिकवणारा आहे. त्याऐवजी मागच्या काचेच्या कोपऱ्यात, दिसण्याच्या आड येणार नाही असं, 'नवीन चालक' लिहून लावा. त्यात लाज कसली? मागून येणारा दोन हात लांब राहतो, एवढं पुरे.

पहिले तीन महिने: सोबती आणि मोबाइल

माझं लायसन्स नवं होतं तेव्हाची गोष्ट. मागे दोन मित्र, गप्पा रंगलेल्या. चौकात डावीकडे वळताना मी उजवीकडच्या बसकडे बघत राहिलो, डावा आरसा बघितलाच नाही. तिथून एक बाई स्कूटरवर येत होत्या. गाडीचा धक्का अगदी हलका होता, पण त्या पडल्या, मनगट मोडलं. रस्त्यावर त्यांच्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे पडले होते, आणि मी ते वेचत बसलो होतो, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. त्या वेळी गाडीत मी एकटा असतो तर आरसा बघितला असता, याची मला आजही खात्री आहे.

म्हणून घरातला सगळ्यात कडक नियम हा: तीन महिने मित्रमंडळी गाडीत नाहीत. समोर एक जाणता माणूस, किंवा तुम्ही एकटे. लहान मूल तर नाहीच. दुचाकीवरही तीन महिने मागे कुणी नको. मागच्याचं वजन वळणावर कुठे झुकतं ते कळायला वेळ लागतो. पुढे कधी चार वर्षांच्या आतल्या मुलाला दुचाकीवर न्यायचंच झालं, तर त्याला चालकाशी बांधणारा पट्टा आणि त्याच्या मापाचं हेल्मेट लागतं, आणि वेग ताशी ४० च्या आत ठेवावा लागतो.

मोबाइल हा न बोलावलेला सोबती. नकाशा हवा तर निघण्याआधी लावा आणि फोन धारकात अडकवा. रस्ता चुकला तर चुकू द्या, पुढे वळता येतं.

परीक्षेत पाठ केलेलं आणि चौकात विसरलेलं

गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. अरुंद घाटात चढणाऱ्याचा हक्क पहिला, उतरणाऱ्यानं थांबायचं, कारण चढावर थांबून पुन्हा निघणं किती जड असतं ते तुम्ही तळघराच्या उतारावर शिकलाच आहात. झेब्रा पट्ट्यांवर पाऊल ठेवलेल्या माणसासाठी थांबायचं. रुग्णवाहिकेला वाट दिली नाही तर १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, पण घाबरून एकदम डावीकडे घुसू नका. आधी इंडिकेटर, आरसा, मग बाजूला.

थांबलेली एसटी दिसली की वेग निम्मा करा. बसच्या पुढून कुणीतरी उतरून पळत रस्ता ओलांडणार, हे धरूनच चला. ट्रकच्या मागे असताना त्याच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

दुचाकीवाल्यांना काही रस्ते बंदच आहेत: मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू, मुंबईचा किनारी रस्ता, जेजे उड्डाणपूल. नकाशाचं ॲप कारच्या मोडवर राहिलं तर ते थेट त्यांच्या तोंडाशी नेऊन सोडतं. आणि लायसन्स मिळाल्या मिळाल्या गोव्याचा बेत ठरतोच, म्हणून हेही सांगतो: भाड्यानं द्यायच्या परवानाधारक दुचाकीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी स्कूटर कुणी स्वस्तात भाड्यानं देत असेल तर घेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल.

तीन ते सहा महिने: रात्र, पाऊस, घाट

हे तिन्ही वेगवेगळे शिका, एकाच दिवशी कधीच नाही.

रात्रीची सुरुवात ओळखीच्या रस्त्यावर, आठच्या सुमारास. समोरच्यानं अप्पर मारला तर दिव्याकडे बघू नका, नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर टाका आणि वेग कमी करा. समोर गाडी असताना स्वतः डिपर ठेवा. कोल्हापूर, सांगली, सातारा, नगर, सोलापूर भागात गळीत हंगाम सुरू झाला की अंधारात उसाच्या ट्रॉल्या चालतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस, आणि कित्येकांना मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. हेडलाइटच्या उजेडात जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवा. पहिल्या हंगामात रात्री त्या रस्त्यांना जाऊच नका, हे माझं स्पष्ट मत आहे.

पहिल्या पावसाच्या सरीत रस्त्यावरचं तेल वर येतं आणि तो अर्धा तास सगळ्यात निसरडा असतो. पुढच्या गाडीपासूनचं अंतर दुप्पट करा. पावसात किंवा धुक्यात चारही इंडिकेटर लावून चालू नका, कारण मग तुम्ही कुठे वळताय ते मागच्याला कळत नाही. ते दिवे थांबलेल्या गाडीचे.

घाटाची सुरुवात दिवे घाट किंवा कात्रजच्या जुन्या घाटानं, कोरड्या दिवशी, सकाळी. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करून इंधन वाचवायचा सल्ला देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. न्यूट्रलवर सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग पेडल दाबूनही गाडी पूर्वीसारखी थांबत नाही. तो वास आलाच तर जागा बघून बाजूला थांबा आणि ब्रेक निवू द्या. वळणाच्या आधी हॉर्न, आणि वळणावर ओव्हरटेक नाही, समोर कितीही मोकळं दिसलं तरी.

द्रुतगती मार्ग सहा महिन्यांनंतर. तिथे सपाटीला कारची मर्यादा १०० आणि घाटात त्याहून बरीच कमी. पहिले काही प्रवास मधल्या लेनमध्ये ८० नं करा. उजवी लेन ओव्हरटेक करण्यापुरती, काम झालं की परत मधल्या लेनमध्ये.

अपघात झालाच तर

थांबा. कलम १३४ नुसार जखमीला उपचार मिळवून देणं हे चालकाचं कर्तव्य आहे. १०८ ला रुग्णवाहिकेसाठी, ११२ ला पोलिसांसाठी फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. जमाव चिडलेला असेल आणि थांबणं जिवावर बेतणारं असेल तर कायदा ती अडचण मान्य करतो, पण मग सरळ जवळचं पोलीस ठाणं गाठा. घटनेची माहिती चोवीस तासांच्या आत द्यावी लागते. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. गाड्या हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, ज्यात रस्ता आणि पाट्या दिसतील.

जखमीजवळ पैसे नाहीत म्हणून उपचार अडू नयेत, यासाठी मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे: नामनिर्देशित रुग्णालयात पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार रोख पैसे न भरता. दवाखान्यात या योजनेबद्दल विचारा. दुसऱ्या कुणाचा अपघात दिसला आणि तुम्ही मदत केलीत, तर कलम १३४-ए तुम्हाला संरक्षण देतं. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही.

आणि शेवटी मुदत

तिशीच्या आत काढलेलं लायसन्स वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं, तीस ते पन्नासमधलं दहा वर्षं. मुदत संपायच्या आधी वर्षभरात नूतनीकरण करता येतं. संपल्यावर एक वर्षाच्या पुढे गेलात तर पुन्हा परीक्षा. आणि मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच ते लायसन्स वैध नसतं, पूर्वीची तीस दिवसांची सवलत आता नाही. तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये आजच टाका.

भाची डिसेंबरात महाबळेश्वरला गेली. शेजारी मी, मागे तिची आई. पसरणीच्या तिसऱ्या वळणावर समोरून उतरणारी जीप आमच्यासाठी थांबली. तिनं हात वर करून आभार मानले आणि दुसऱ्या गिअरमध्येच पुढे निघाली.